एकच देश, दोन स्थलांतरित समाज: इटलीत अल्बेनियन आणि चिनी लोकांचे रस्ते वेगळे का झाले?

एक फोटो तुमच्याही फीडमध्ये कधी ना कधी येऊन गेला असेल. एक जुनं मालवाहू जहाज धक्क्याला लागलंय आणि डेकपासून डोलकाठीपर्यंत त्यावर नुसती माणसंच माणसं. दोरखंडांना लोंबकळणारी, कठड्यावर बसलेली, पाण्यात उड्या मारणारी. खाली कधी लिहिलेलं असतं, 'हे सीरियातले निर्वासित', तर कधी 'दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेकडे पळणारे युरोपियन'.

दोन्ही दावे खोटे आहेत. फोटो ८ ऑगस्ट १९९१ चा आहे. जहाजाचं नाव 'व्लोरा', बंदर इटलीतलं बारी आणि जहाजावरची माणसं अल्बेनियाची. क्युबाहून साखर घेऊन आलेलं हे जहाज अल्बेनियातल्या दुर्रेस बंदरात उभं होतं. गर्दी त्यावर चढली आणि कप्तानाला ते इटलीकडे वळवावं लागलं. जहाजावर सुमारे २० हजार लोक होते.

त्याच सुमारास इटलीत आणखी एक समाज येत होता. त्याचा असा एकही फोटो व्हायरल झालेला नाही, कारण तो जहाज भरून आलाच नाही. तो एकेक करून, नात्यागोत्याच्या साखळीने आला. हे लोक होते चीनचे.

आज इटलीत सुमारे ४ लाख अल्बेनियन आणि ३ लाख चिनी नागरिक राहतात. युरोपियन युनियनच्या बाहेरून आलेल्या सगळ्यात मोठ्या समाजांत दोघांचीही गणना होते. देश तोच, कायदे तेच, काळही जवळपास तोच. तरी ३० वर्षांनंतर दोघांची आर्थिक आणि सामाजिक स्थिती इतकी वेगळी आहे की एकाच मापाने ती मोजताच येत नाही. असं का झालं, ते समजून घेऊया.

अल्बेनियन लोक इटलीत कसे आले?

अल्बेनिया आणि इटली यांच्यामध्ये एड्रियाटिक समुद्र आहे आणि सगळ्यात अरुंद जागी त्याची रुंदी जेमतेम ७०-७५ किलोमीटर आहे. पण एन्व्हर होजाच्या कम्युनिस्ट राजवटीत हे अंतर कापणं म्हणजे जिवाशी खेळ होता. परवानगीशिवाय देश सोडणं हा गंभीर गुन्हा मानला जायचा.

माणसं अडवता आली, पण टीव्हीचे सिग्नल अडवता आले नाहीत. इटलीची सरकारी वाहिनी 'राई' अल्बेनियाच्या किनाऱ्यावर दिसायची. लोक चोरून इटालियन गाणी, फुटबॉल आणि जाहिराती बघायचे. एक अख्खी पिढी अशी घरबसल्या इटालियन शिकली. समुद्रापलीकडचा देश त्यांनी पाहिला नव्हता, पण तिथली भाषा त्यांच्या कानात होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

१९८५ मध्ये होजाचा मृत्यू झाला, १९९०-९१ मध्ये राजवट कोसळली आणि बांध फुटला. मार्च १९९१ मध्ये काही दिवसांतच २० हजारांहून जास्त लोक ब्रिंदिसी बंदरात उतरले. तिथल्या लोकांनी त्यांना घरात घेतलं, जेवू घातलं. सरकारनेही राहण्याचे तात्पुरते परवाने दिले.

पण पाचच महिन्यांनी 'व्लोरा' आलं तेव्हा सरकारचा नूर बदलला होता. या लोकांना बारीच्या जुन्या फुटबॉल स्टेडियममध्ये कोंडून ठेवलं आणि त्यातल्या बहुतेकांना परत पाठवलं.

दुसरी मोठी लाट १९९७ मध्ये आली. अल्बेनियात 'पैसे दामदुप्पट' करून देणाऱ्या पिरॅमिड योजनांचं पीक आलं होतं. लोकांनी घरंदारं, गुरंढोरं विकून त्यांत पैसे घातले. या योजना बुडाल्या, देशात अराजक माजलं आणि लोक पुन्हा बोटींत बसले. २८ मार्च १९९७ ला 'कातेर इ रादेस' ही बोट इटालियन नौदलाच्या जहाजाशी टक्कर होऊन बुडाली. ८० हून जास्त लोक मेले, त्यांत अनेक बायका आणि मुलं होती.

आणि चिनी?

चिनी लोकांची गोष्ट आधी सुरू होते. १९२० आणि १९३० च्या दशकांत काही चिनी फेरीवाले मिलानमध्ये आले. रेशमाच्या शहरात ते रस्त्यावर टाय विकायचे. पुढे पाओलो सार्पी या रस्त्याभोवती मिलानचं 'चायनाटाउन' उभं राहिलं.

खरी संख्या वाढली ती १९८० नंतर. १९७८ मध्ये चीनने आर्थिक धोरण बदललं आणि बाहेर जाण्याच्या वाटा हळूहळू मोकळ्या झाल्या. मात्र इटलीत आलेले लोक चीनच्या कानाकोपऱ्यातून आलेले नाहीत. त्यांतले बहुसंख्य एकाच झेजियांग प्रांतातले आहेत, तेही मुख्यतः वेन्झोऊ शहराच्या परिसरातले आणि शेजारच्या चिंगतियानचे. एका अर्थाने हे 'चीनमधून इटलीत' झालेलं स्थलांतर कमी आणि 'एका जिल्ह्यातून इटलीत' झालेलं जास्त आहे.

वेन्झोऊची ओळख म्हणजे धंदा. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये अडकलेला हा भाग, शेतीला जमीन थोडी. त्यामुळे घरगुती कारखाने, फिरता व्यापार आणि नातेवाइकांकडून उभं केलेलं भांडवल यांची तिथे जुनी सवय. आपल्याकडची भिशी असते तशीच पद्धत त्यांच्यात आहे. दहा-वीस ओळखीची माणसं पैसे गोळा करतात, आळीपाळीने एकाला मोठी रक्कम मिळते आणि त्यातून दुकान किंवा चार शिलाई मशीनं उभी राहतात. बँकेची पायरीही चढावी लागत नाही.

कायद्याचाही हात लागला. त्या काळी इटलीत परदेशी माणसाला स्वतःचा धंदा काढायचा तर त्याच्या देशाशी तसा करार असावा लागायचा. १९८५ मध्ये चीन आणि इटलीने गुंतवणुकीचा करार केला आणि चिनी लोकांना ही वाट मिळाली. अल्बेनियन माणूस बोटीतून उतरला तेव्हा त्याच्याकडे ना भांडवल होतं, ना धंदा करून बघितलेली आधीची पिढी. खासगी मालकीच जवळपास संपवून टाकलेल्या देशातून तो आला होता.

दोघे कोणत्या कामात शिरले?

अल्बेनियन पुरुष मुख्यतः बांधकामात शिरले. गवंडी, रंगारी, फरशी बसवणारे, आणि पुढे छोटे कंत्राटदार. काही जण शेतीत आणि कारखान्यांत गेले. बायका बहुतेक घरकाम, साफसफाई, हॉटेलं आणि आजारी-वृद्धांची देखभाल अशा कामांत गेल्या. यातल्या बहुतेक कामांत मालक इटालियन, सहकारी इटालियन, गिऱ्हाईकही इटालियन. भाषा आधीच कानावर होती, ती कामावर पक्की झाली.

चिनी लोकांचं उलट. सुरुवातीला माणूस नातेवाइकाच्या किंवा गाववाल्याच्या कारखान्यात काम करायचा. येण्याचा खर्च बहुतेकदा कर्जाऊ असायचा, तो फेडेपर्यंत तिथेच राहायचा. कर्ज फिटलं की पैसे साठवायचे आणि स्वतःचं काही तरी काढायचं. मालक चिनी, सहकारी चिनी, भाषा वेन्झोऊची. इटालियन येत नसलं तरी पोट भरता यायचं.

आजच्या आकड्यांत हा फरक स्वच्छ दिसतो. नोकरी-धंदा करणाऱ्या चिनी लोकांपैकी जवळपास निम्मे स्वतःचा व्यवसाय करतात. त्यांच्या नावावर ५० हजारांच्या आसपास एकल मालकीचे धंदे आहेत. त्यांतले बहुतेक व्यापार, कपडे-चामड्याचं उत्पादन आणि बार-रेस्टॉरंट या तीन क्षेत्रांत. अल्बेनियन लोकांच्या नावावरही ३० हजारांहून जास्त असे धंदे आहेत, पण त्यांतले दोन तृतीयांशांच्या आसपास एकट्या बांधकामात. बाकी बहुसंख्य अल्बेनियन पगारावर काम करतात.

याचा परिणाम २००८ च्या मंदीत कळला. इटलीतलं बांधकाम क्षेत्र कोसळलं आणि अल्बेनियन पुरुषांच्या नोकऱ्या गेल्या. काही कुटुंबं मायदेशी परतली. चिनी कुटुंबांनी त्याच काळात धंदा बदलला. इटालियन मालक विकायला काढत होते ते कोपऱ्यावरचे कॉफी बार त्यांनी घेतले, केस कापण्याची दुकानं काढली. चिनी समाजात बेरोजगारीचा दर इटलीतल्या स्थलांतरितांमध्ये सगळ्यात कमी दरांपैकी एक आहे. अल्बेनियन समाजात तो बराच जास्त आहे.

इथवर वाचून वाटेल की चिनी लोकांनी बाजी मारली. पण हाच हिशेब दुसऱ्या बाजूने बघायचा तर प्रातोला जावं लागेल.

प्रातो: 'मेड इन इटली'ची दुसरी बाजू

फ्लोरेन्सजवळचं प्रातो हे सुमारे २ लाख वस्तीचं शहर कापडासाठी प्रसिद्ध आहे. जुन्या चिंध्यांपासून नवी लोकर तयार करण्यात तिथल्या इटालियन कुटुंबांचा हातखंडा होता. १९९० च्या आसपास चिनी कारागीर आले आणि इटालियन कंपन्यांसाठी शिलाई करू लागले. पुढे त्यांनी स्वतःच्या कंपन्या काढल्या. फॅशन बदलली की काही दिवसांत नवा माल बाजारात आणायचा, असा हा धंदा. त्याला 'प्रोंतो मोदा' म्हणतात, म्हणजे झटपट फॅशन. शिलाई इटलीत झालेली असल्याने लेबल 'मेड इन इटली'चं.

आज प्रातोत ३० हजारांच्या आसपास चिनी रहिवाशांची नोंद आहे आणि चिनी मालकीचे हजारो उद्योग आहेत. युरोपातल्या सगळ्यात मोठ्या चिनी वस्त्यांपैकी ही एक आहे.

पण झटपट माल देण्याची किंमत कोणी तरी मोजतच होतं. मजुरी नगावर ठरायची. हंगामात दिवसाचे बारा-चौदा तास, आठवड्याचे सातही दिवस काम चालायचं. अनेक कामगार कारखान्यातच झोपायचे. १ डिसेंबर २०१३ च्या पहाटे तिथल्या एका कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. आत पुठ्ठ्यासारख्या पातळ भिंतींच्या खुराड्यांत कामगार झोपले होते आणि खिडक्यांना गज होते. सात चिनी कामगार मेले.

न्यायालयात कारखाना चालवणाऱ्यांना शिक्षा झाली. इमारतीच्या इटालियन मालकांनाही दोषी ठरवण्यात आलं. या दुसऱ्या भागाची चर्चा कमी होते. चिनी कारखाना इटालियन माणसाच्या गाळ्यात होता. प्रातोतली कित्येक घरंही चिनी भाडेकरूंच्या भाड्यावर चालत होती. कपडे युरोपभरच्या दुकानांत जात होते. कोणी तरी गाळा दिला होता, कोणी तरी स्वस्त माल घेतला होता आणि तपासणी करणारी यंत्रणा अपुरी पडली होती.

या आगीनंतर तोस्काना प्रांताने कारखान्यांच्या तपासणीची मोठी मोहीम सुरू केली. परिस्थिती काहीशी सुधारली, पण प्रश्न मिटला नाही. अलीकडच्या वर्षांत प्रातोतल्या चिनी मालकांच्या कारखान्यांत पाकिस्तानी आणि इतर देशांतले कामगार राबताना दिसतात. त्यांनी पुकारलेल्या संपांतली मागणी साधी आहे: दिवसाला ८ तास, आठवड्याला ५ दिवस. कालचा मजूर आज मालक झाला आणि त्याची जागा दुसऱ्या देशाच्या मजुराने घेतली, असा हा क्रम आहे.

म्हणजे चिनी समाजात बेरोजगारी कमी आहे हे खरं. पण त्या 'रोजगारा'त अख्खं कुटुंब दुकानात राबणं आलं, रात्रपाळी आली, नोंदीत अर्धवेळ दाखवून करून घेतलेलं पूर्णवेळ कामही आलं. अल्बेनियन कामगाराची नोकरी जाऊ शकते. पण कराराने काम करत असेल तर त्याला बेरोजगार भत्ता मिळतो, पगारी रजा मिळते, पेन्शनचे पैसे जमा होतात. अर्थात बांधकामातही रोखीचं, बेनामी काम भरपूर आहे. तिथे अल्बेनियन मजुरालाही यातलं काहीच मिळत नाही.

बायका, मुलं आणि घर

दोन्ही समाज आता कुटुंबकबिल्याने राहतात. स्त्री-पुरुषांचं प्रमाण जवळपास सारखं आहे. पण घरातलं चित्र वेगळं आहे.

चिनी बायका मोठ्या संख्येने कमावतात. बार असो, दुकान असो की शिलाईचा कारखाना, नवरा-बायको दोघेही तिथे असतात. अल्बेनियन बायकांचं नोकरी करण्याचं प्रमाण त्या मानाने बरंच कमी आहे. अनेक घरांत नवरा कमावतो, बायको मुलं आणि घर सांभाळते.

मुलांच्या बाबतीत हेच उलटं फिरतं. दोघेही रात्रंदिवस कामात असल्याने अनेक चिनी जोडप्यांनी आपली तान्ही मुलं वेन्झोऊला आजी-आजोबांकडे पाठवली आणि शाळेच्या वयात परत आणली. अशी मुलं सात-आठव्या, कधी दहाव्या वर्षी इटालियन वर्गात येऊन बसतात तेव्हा त्यांना भाषेचा गंधही नसतो. बरीच मुलं मागे पडतात आणि शाळेनंतर दुकानाच्या गल्ल्यावर बसतात.

अल्बेनियन मुलं आईजवळ वाढली, इटालियन बालवाडीत गेली. इटालियन शाळांमध्ये आज १ लाखाहून जास्त अल्बेनियन विद्यार्थी आहेत, चिनी विद्यार्थी ५० हजारांच्या आत. इटालियन विद्यापीठांत दोन्ही देशांचे विद्यार्थी भरपूर दिसतात, पण त्यांत मेख आहे. अल्बेनियन विद्यार्थ्यांपैकी बरेच जण इटलीतच वाढलेले आहेत. चिनी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण 'मार्को पोलो' आणि 'तुरानदोत' या खास योजनांतून थेट चीनहून संगीत, कला आणि डिझाइन शिकायला आलेले आहेत. त्यांचा प्रातोच्या शिलाई कामगारांशी फारसा संबंध नाही.

लग्नांतही हा फरक दिसतो. अल्बेनियन-इटालियन जोडपी आता नवलाईची राहिलेली नाहीत. चिनी समाजात बाहेर लग्न करणारे अजून कमी आहेत.

पासपोर्टचा पेच

सगळ्यात मोठी दरी नागरिकत्वात आहे. 'चिनी लोक मिसळत नाहीत' असं म्हणणारे बहुतेक जण तिचं कारण बघतच नाहीत.

इटलीचा नागरिकत्वाचा कायदा १९९२ चा आहे. युरोपियन युनियनबाहेरच्या माणसाला अर्ज करण्याआधी १० वर्षं कायदेशीर वास्तव्य लागतं. इटलीत जन्मलेल्या परदेशी मुलालाही जन्माने नागरिकत्व मिळत नाही. १८ वर्षं सलग तिथे राहिल्यावर, १८ ते १९ या एका वर्षाच्या आत त्याला ते मागावं लागतं.

दोघांनाही नियम हाच. पण अल्बेनिया दुहेरी नागरिकत्व मान्य करतो. इटालियन पासपोर्ट घेतला म्हणून अल्बेनियन पासपोर्ट सोडावा लागत नाही. त्यामुळे हजारो लोक दरवर्षी अर्ज करतात. २०२२ मध्ये इटलीने सुमारे २ लाख १३ हजार लोकांना नागरिकत्व दिलं. त्यांत सगळ्यात जास्त, ३८ हजारांच्या आसपास, अल्बेनियन होते. म्हणजे आकडेवारीत अल्बेनियन समाज आहे त्यापेक्षा लहान दिसतो, कारण त्यातले लाखो जण आता कागदोपत्री इटालियन झाले आहेत.

चीन दुहेरी नागरिकत्व मानत नाही. १९८० च्या चिनी कायद्यानुसार परदेशात स्थायिक झालेल्या माणसाने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की चिनी नागरिकत्व आपोआप जातं. आई-वडील गावी आहेत, घर आणि धंद्याचे धागे तिकडे आहेत, मग पासपोर्ट कोण सोडणार? बहुतेक जण दीर्घ मुदतीच्या परवान्यावर राहणं पसंत करतात.

हा पेच परदेशात राहणाऱ्या मराठी माणसालाही नवा नाही. भारतही दुहेरी नागरिकत्व देत नाही. दुसरा पासपोर्ट घेतला की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. फरक इतकाच की भारत अशा लोकांना ओसीआय कार्ड देतो, त्यामुळे येणं-जाणं तरी सोपं राहतं. पासपोर्ट न बदलणारा प्रत्येक जण त्या देशावर प्रेम करत नाही, असा अर्थ आपण आपल्या नातेवाइकांच्या बाबतीत काढत नाही. मग चिन्यांच्या बाबतीत तो का काढायचा?

तिरस्कार कोणाच्या वाट्याला आला?

दोघांच्याही, पण वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या कारणांनी.

१९९० च्या दशकात इटालियन वर्तमानपत्रांत 'अल्बेनियन' हा शब्द चोरी, वेश्याव्यवसाय आणि टोळ्या यांच्याच बातम्यांत दिसायचा. गुन्हेगारी टोळ्या होत्या हे खरं, पण शिक्का सगळ्या समाजावर बसला. घर भाड्याने मिळेना. रसेल किंग आणि निकोला माय या अभ्यासकांनी इटलीतल्या अल्बेनियन लोकांवर पुस्तकच लिहिलं आहे. आपली ओळख लपवणं, इटालियन नाव सांगणं असे प्रकार त्या काळात सर्रास होते. म्हणजे अल्बेनियन लोक 'मिसळले' यात त्यांची भाषा आणि जिद्द जितकी आहे, तितकीच ओळख लपवण्याची सक्तीही आहे.

मग वारं फिरलं. २०१८ मध्ये सानरेमो हा इटलीतला सगळ्यात मोठा गीतमहोत्सव एर्माल मेताने जोडीदार गायकासह जिंकला. तो अल्बेनियात जन्मलेला आणि लहानपणी बारीला आलेला. ज्या शहराने १९९१ मध्ये अल्बेनियन लोकांना स्टेडियममध्ये कोंडलं, तिथेच तो मोठा झाला.

चिनी लोकांवरचा राग गुन्हेगारीपेक्षा धंद्यावरून जास्त आहे. 'हे कर चुकवतात, आमचे उद्योग बुडवतात' ही तक्रार. एप्रिल २००७ मध्ये मिलानच्या पाओलो सार्पी भागात मालाच्या चढ-उतारावरून झालेल्या दंडाचं निमित्त झालं आणि चिनी रहिवासी आणि पोलीस यांच्यात चकमक उडाली. २००९ मध्ये प्रातोत युद्धोत्तर काळात पहिल्यांदाच डाव्या पक्षांच्या हातून महापौरपद गेलं. चिनी उद्योगांवर कडक कारवाई हा त्या निवडणुकीतला मोठा मुद्दा होता. दहा वर्षांनी, २०१९ मध्ये, त्याच प्रातोच्या नगरपालिकेत चिनी वंशाचे दोन नगरसेवक निवडून आले.

२०२० च्या कोरोनात दोन्ही प्रतिमांची परीक्षा झाली. फेब्रुवारीत इटलीत चिनी चेहऱ्यांच्या लोकांना शिवीगाळ झाल्याच्या बातम्या आल्या. त्याच वेळी प्रातोतली चिनी कुटुंबं सरकारी आदेशाची वाट न बघता घरात बसली होती, चीनहून परतलेल्यांना वेगळं ठेवत होती. पुढे तिथल्या चिनी वस्तीत संसर्ग नगण्य निघाला. आणि मार्चअखेर अल्बेनियाने ३० डॉक्टर-नर्सचं पथक इटलीच्या मदतीला पाठवलं. २९ वर्षांपूर्वी ज्या देशाचे लोक पावासाठी आले होते, तोच देश आता माणसं पाठवत होता.

मग पुढे कोण?

थोडक्यात मांडायचं तर:

- रोजगार आणि स्वतःचा धंदा: चिनी पुढे.
- कराराचं काम आणि सामाजिक सुरक्षा: अल्बेनियन पुढे.
- बायकांची कमाई: चिनी पुढे.
- शाळा, भाषा, समाजात मिसळणं: अल्बेनियन पुढे.
- नागरिकत्व आणि मताचा हक्क: अल्बेनियन खूपच पुढे.
- मंदीत तग धरणं: चिनी पुढे, पण त्याची किंमत कुटुंबाच्या वेळेत आणि तब्येतीत मोजलेली.

सोशल मीडियावर 'चांगले स्थलांतरित' आणि 'वाईट स्थलांतरित' अशा याद्या फिरतात. मेहनत मोजली तर चिनी चांगले, मिसळणं मोजलं तर अल्बेनियन चांगले. निकाल समाजावर ठरत नाही, तुम्ही काय मोजता यावर ठरतो. 'त्यांची संस्कृतीच तशी' हे उत्तरही अपुरं आहे. एकाच्या घरात शेजारच्या देशाचा टीव्ही दिसत होता. दुसऱ्याच्या गावात भिशी होती आणि देशाने केलेला एक करार होता. एकाच्या देशाने दुसरा पासपोर्ट घेऊ दिला, दुसऱ्याच्या देशाने दिला नाही. आणि दोघांनाही इटलीने आधी बिनकागदपत्रांचं राबवून घेतलं, मग दर काही वर्षांनी 'कागदपत्रं नियमित करा' अशा मोहिमा काढल्या. २००२ च्या एकाच मोहिमेत सुमारे ७ लाख अर्ज आले होते.

आता प्रश्न पुढच्या पिढीचा

दोन्ही समाजांत आता इटलीतच जन्मलेली पिढी मोठी होते आहे. तिला दुर्रेस किंवा वेन्झोऊ सुट्टीपुरतं माहीत आहे. यांच्यासाठी नागरिकत्वाचा कायदा सोपा करावा म्हणून आणलेलं विधेयक २०१५ मध्ये कनिष्ठ सभागृहात मंजूर झालं, पण २०१७ अखेर सिनेटमध्ये अडकून मेलं. मग ८ आणि ९ जून २०२५ ला सार्वमत झालं. १० वर्षांची अट ५ वर्षांवर आणावी का, हा प्रश्न होता. सार्वमत वैध ठरायला ५० टक्क्यांहून जास्त मतदान लागतं. ३० टक्क्यांच्या आसपास मतदान झालं आणि प्रश्न तिथेच राहिला.

गंमत बघा, या सार्वमतात नागरिकत्व मिळालेले अल्बेनियन मत देऊ शकत होते. प्रातोत जन्मलेला, इटालियन शाळेत शिकलेला, पण चिनी पासपोर्ट असलेला विशीतला तरुण मात्र मत देऊ शकत नव्हता. कायदा त्याच्याबद्दल होता आणि त्यावर बोलण्याचा हक्क इतरांना होता. या दोन समाजांमधली पुढची दरी कमाईची कमी आणि या हक्काची जास्त असणार आहे.